अडतीस आयपॅड आणि एक वाय-फाय: रुग्णालयातल्या नेटवर्कबंदीचं एक प्रकरण

सकाळच्या हँडओव्हरला पुरुष वॉर्डातल्या एका पेशंटचं रात्री दहाचं इन्सुलिन स्क्रीनवर 'बाकी' दिसत होतं. सकाळपाळीच्या सिस्टरला ते पटेना, कारण रात्रपाळीची सिस्टर असलं काही विसरणाऱ्यातली नव्हती. तिने सरळ तिच्या घरी फोन लावला. "दिलंय गं, माझ्या हातानं दिलंय. एंट्रीपण तेव्हाच केलीय," असं उत्तर आलं. त्या एका फोनमुळे दुसरा डोस टळला.

तासाभराने मी वॉर्डात पोचलो तेव्हा तो आयपॅड औषधांच्या ट्रॉलीवर पडलेला होता. वर वाय-फायची खूण व्यवस्थित दिसत होती. ॲप उघडलं तर इन्सुलिनची एंट्री होती, वेळेसकट, आणि तिच्या शेजारी एक बारीक करडं घड्याळ होतं. म्हणजे एंट्री आयपॅडवर होती, सर्व्हरला गेलेली नव्हती. सेटिंग्ज उघडल्यावर कारण दिसलं. आयपॅड नातेवाइकांसाठी ठेवलेल्या वाय-फायला जोडलेला होता.

हे रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणचं, धर्मादाय संस्थेचं. आयटी विभाग म्हणजे मी आणि एक सहकारी. वॉर्डांत नर्सिंगच्या नोंदींसाठी अडतीस आयपॅड होते, सगळे फक्त वाय-फायवाले, सिमशिवाय. एमडीएम, म्हणजे सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था, आम्ही आधीच घेतली होती. पण तिचा वापर ॲप टाकण्यापुरता आणि हरवलेला आयपॅड शोधण्यापुरता. कोणता आयपॅड कोणत्या वाय-फायला जोडला जावा, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

इमारतीत दोन नेटवर्क होती. एक कर्मचाऱ्यांचं. दुसरं नातेवाइकांचं, ज्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा आणि मग इंटरनेट चालू. आपल्याकडे सार्वजनिक वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख ठेवावी लागते, म्हणून ती ओटीपीची पायरी. हे दुसरं नेटवर्क रुग्णालयाच्या सर्व्हरपासून आम्ही मुद्दाम तोडलेलं होतं. पेशंटच्या भाच्याच्या लॅपटॉपमधून आमच्या सर्व्हरकडे जाणारी वाट असू नये, हा साधा हिशोब. त्यामुळे त्या नेटवर्कवर गेलेला आयपॅड इंटरनेटला जोडलेला दिसायचा, पण नोंदींच्या सर्व्हरपर्यंत पोचायचा नाही. ओटीपीची मुदत संपली की इंटरनेटही जायचं आणि खूण मात्र तशीच राहायची. शिवाय एकदा ओळखीचं झालेलं नेटवर्क आयपॅड लक्षात ठेवतो. कर्मचाऱ्यांचं नेटवर्क मिळालं नाही की तो पुढच्या वेळी न विचारता तिकडे जातो.

व्यवस्थापनाने पहिला प्रश्न सुरक्षेचा विचारला: नातेवाइकांच्या वाय-फायवरून पेशंटची माहिती बाहेर गेली का? तसं काही झालं नव्हतं. ॲपची देवाणघेवाण एन्क्रिप्ट केलेली होती, आणि ज्या नेटवर्कवरून सर्व्हरच गाठता येत नाही, त्यावरून नोंदी जाणार तरी कुठे? माझ्या मते खरा धोका नोंद अडकून पडण्याचा होता. चोरी झाली तर निदान शोध घेतला जातो. अडकलेली नोंद कोणाला दिसत नाही, आणि तिच्या भरवशावर पुढची पाळी औषध देते.

मी लगेच बंदीची तयारी सुरू केली. ॲपलच्या उपकरणांवर ही सोय आयओएस १०.३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. प्रोफाइलमधून, म्हणजे एमडीएमने उपकरणावर उतरवलेल्या सेटिंग्जच्या गठ्ठ्यातून, आपण जी वाय-फाय नेटवर्क पाठवली असतील तेवढीच आयपॅडने जोडायची, बाकी कुठलंही नाही. पुढे आयओएस १४.५ मध्ये या सेटिंगचं नाव बदललं, काम तेच राहिलं. अट एकच, उपकरण 'सुपरवाइज्ड' हवं, म्हणजे पूर्णपणे संस्थेच्या ताब्यातलं. आमचे तीस आयपॅड तसे होते. उरलेले आठ एका दात्याने दुकानातून घेऊन दिलेले होते. ते आधी पुसून, ॲपल कॉन्फिगरेटरने नव्याने नोंदवावे लागले. त्यात एक आठवडा गेला, आणि त्या आठवड्यानेच आम्हाला एका मोठ्या चुकीतून वाचवलं.

आठ आयपॅड परत द्यायला गेलो तेव्हा पुरुष वॉर्डाच्या इन-चार्ज सिस्टरनी मला थांबवलं. "सर, तुम्ही कुलूप लावताय ते ठीक आहे. पण आमच्या शेवटच्या सहा बेडना तुमची रेंजच नाही. पोरी नातेवाइकांच्या वाय-फायवर हौसेनं जात नाहीत."

मी फोनवर सिग्नल मोजायचं ॲप लावलं आणि वॉर्डातून चालत गेलो. डीबीएम हे सिग्नलचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. नर्सिंग स्टेशनपाशी उणे ५० डीबीएम, म्हणजे उत्तम. शेवटच्या बेडपाशी उणे ८३. कामाच्या नेटवर्कला साधारण उणे ६७ च्या आत सिग्नल हवा असं धरून आखणी करतात. मध्ये जुन्या इमारतीची जवळजवळ दोन फुटी दगडी भिंत होती, आणि ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारा डबा, भिंतीच्या अलीकडे. नातेवाइकांच्या नेटवर्कचा ॲक्सेस पॉइंट मात्र बाहेरच्या व्हरांड्यात, शेवटच्या बेडच्या खिडकीला लागून होता. कुणीही समजूतदार माणसाने केलं असतं तेच त्या मुलींनी केलं होतं. कुणा नातेवाइकाच्या मोबाइलवर ओटीपी मागवून आयपॅड जोडला होता, काम अडू नये म्हणून.

आम्ही तशीच बंदी लावली असती, तर त्या सहा बेडच्या नोंदी आधी अधूनमधून अडकायच्या त्या रोज अडकल्या असत्या. नेटवर्कबंदीची चर्चा निघाली की आता मी आधी हेच विचारतो, की माणसं दुसऱ्या नेटवर्कवर जातात ती का जातात? आम्ही तीन ॲक्सेस पॉइंट वाढवले, सगळे वॉर्ड पुन्हा चालून मोजले, आणि मगच बंदी लागू केली. नोंदी अडकणं थांबलं. ॲपवाल्यांकडून आम्ही आणखी एक बदल करून घेतला. सर्व्हरशी संपर्क दहा मिनिटं तुटला की स्क्रीनच्या माथ्यावर लाल पट्टी येते. ते करडं घड्याळ कुणाच्या नजरेला पडणारं नव्हतंच.

इथवर सगळं ठीक होतं. चूक चार महिन्यांनी झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

कर्मचाऱ्यांच्या वाय-फायचा पासवर्ड एव्हाना अर्ध्या इमारतीला पाठ होता. रिसेप्शनच्या मागे कॅलेंडरवर तो पेनने लिहिलेला मी स्वतः पाहिला. तो बदलायचं ठरलं, आणि त्याच वेळी आयपॅडसाठी स्वतंत्र नेटवर्क करायचंही ठरलं. मी नवं नेटवर्क चालू केलं, जुनंही चालू ठेवलं, म्हणजे कुणाचं काम अडायला नको. मग एमडीएममध्ये आयपॅडच्या गटावरून जुन्या वाय-फायचं प्रोफाइल काढलं, नव्याचं लावलं आणि सेव्ह केलं. दुपारचे पावणेचार झाले होते.

एमडीएमने प्रत्येक आयपॅडसाठी दोन आज्ञा रांगेत लावल्या, आधी जुनं काढ, मग नवं घे. आयपॅडने पहिली आज्ञा पाळली. जुनं नेटवर्क त्याच्याकडून गेलं आणि संपर्क त्याच क्षणी तुटला. दुसरी आज्ञा सर्व्हरवर वाट बघत राहिली. बंदीचं प्रोफाइल वेगळं होतं, ते आयपॅडवर जागच्या जागी होतं. त्यामुळे परिस्थिती अशी झाली की फक्त परवानगी असलेल्याच नेटवर्कला जोडायचं, आणि परवानगीच्या यादीत एकही नेटवर्क नाही. दोन्ही वाय-फाय हवेत चालू होती आणि आयपॅड दोन्हींच्या मध्ये अडकले होते.

चार वाजता स्त्री वॉर्डातून फोन आला, मग आयसीयूतून, मग पुरुष वॉर्डातून. लाल पट्टी सगळीकडे. अडतीसपैकी सव्वीस आयपॅड गेले होते. उरलेले बारा वाचले, कारण त्या वेळी ते चार्जिंग संपून बंद होते किंवा कपाटात होते. त्यांना पहिली आज्ञा पोचलीच नव्हती. एमडीएमच्या कन्सोलवर त्या बारांपुरती नेमणूक पूर्ववत केल्यावर ते सुखरूप राहिले.

इन-चार्ज सिस्टरनी त्या संध्याकाळी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी कपाटातून छापील टीपीआर शीट (ताप, नाडी, श्वास लिहायचे तक्ते) आणि ट्रीटमेंट शीटचे गठ्ठे काढले, सगळ्या वॉर्डांत वाटले, आणि पाच मिनिटांत रुग्णालय कागदावर आलं. ते गठ्ठे त्यांनी आयपॅड आले तेव्हाच जपून ठेवले होते. रद्दीत घालू नका म्हणून मावशींना बजावून ठेवलं होतं.

आता आयपॅड परत कसे आणायचे? जुन्या नेटवर्कचा उपयोग नव्हता. जुनं नेटवर्क चालूच होतं, आयपॅडच ते विसरले होते. हाताने नवं नेटवर्क जोडता येत नव्हतं, कारण तेच तर आपण बंद केलेलं. आयपॅड पुसून पुन्हा उभा करणं शक्य होतं, पण त्यात न पाठवलेल्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या. दुपारच्या औषधांच्या काही नोंदी त्यात होत्या. ते मी बाजूला ठेवलं.

वाट सापडली ती लॅनच्या केबलमध्ये. बंदी वाय-फायवर होती. तारेच्या नेटवर्कबद्दल त्यात काहीच नव्हतं. रेडिऑलॉजीच्या लॅपटॉपला एक यूएसबी-सी ते इथरनेट ॲडॉप्टर होता, तो मागून आणला. दहाव्या पिढीच्या आयपॅडला यूएसबी-सी असतं. नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरची केबल काढून ॲडॉप्टरला लावली, ॲडॉप्टर आयपॅडला लावला. काहीच झालं नाही. आयपॅड लॉक होऊन तासाहून जास्त वेळ झाला असेल तर तो यूएसबीवरची नवी वस्तू ओळखत नाही. ही सुरक्षा आयओएस ११.४.१ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. सिस्टरनी पासकोड टाकून आयपॅड उघडला. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या खाली 'इथरनेट' अशी एक ओळ आली. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. दोनेक मिनिटांत रांगेत थांबलेलं नवं प्रोफाइल उतरलं, वाय-फायची खूण आली, लाल पट्टी गेली, आणि दुपारच्या अडकलेल्या नोंदी एकामागून एक सर्व्हरवर चढल्या.

यूएसबी-सीवाले नऊ आयपॅड त्या रात्री दहापर्यंत झाले. उरलेले सतरा नवव्या पिढीचे, लायटनिंगवाले. त्यांना लायटनिंग ते यूएसबी ३ कॅमेरा ॲडॉप्टर लागतो, आणि त्याला चार्जरही जोडावा लागतो, कारण आयपॅडच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यावर इथरनेटचं डबडं चालत नाही. तो ॲडॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मिळाला, आणि दुपारपर्यंत सगळे आयपॅड परत आले. पुढचं काम त्याहून किचकट होतं. कागदावरच्या नोंदी आणि आयपॅडवरून उशिरा चढलेल्या नोंदी एकेका पेशंटनुसार जुळवून बघायच्या. ते सिस्टरनीच केलं, दोन पाळ्या बसून. एकही डोस चुकला नव्हता की दोनदा गेला नव्हता.

त्यानंतर आम्ही मांडणी बदलली. पहिला बदल सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. वाय-फायचं नेटवर्क आणि बंदी ही दोन्ही आता एकाच प्रोफाइलमध्ये आहेत. कुलूप आणि किल्ली एकाच जुडग्यात. ते प्रोफाइल चुकून काढलं गेलं तर बंदीही त्याबरोबर जाते, आणि हाताने कुठल्याही नेटवर्कला जोडता येतं. नवा आयपॅड उभा करतानाही याचा फायदा होतो. वेगळं असताना बंदी आधी आणि नेटवर्क मागून पोचलं, तर सेटअपच्या मध्येच आयपॅड आंधळा व्हायचा.

दुसरा बदल म्हणजे त्या जुडग्यात एक जादा नेटवर्क. हे नेटवर्क एरवी हवेत नसतं. त्याच नावाचा आणि पासवर्डचा एक छोटा फोरजी राउटर सर्व्हर रूमच्या कपाटात ठेवलाय, सिम घातलेलं, महिन्यातून एकदा लावून तपासलेलं. मुख्य नेटवर्कचं काहीही झालं, तरी तो राउटर चालू करून वॉर्डात नेला की आयपॅड त्याला जोडतात आणि एमडीएमच्या आज्ञा घेऊ शकतात. पासवर्ड बंद पाकिटात मेट्रन मॅडमकडे आहे. मी रजेवर असलो तरी काम अडू नये म्हणून तो माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

आयपॅडच्या नेटवर्कचा पासवर्ड आता कुणाही कर्मचाऱ्याला माहीत नाही. तो प्रोफाइलमधून जातो, त्यामुळे माहीत असायची गरजच नाही. तो लांबलचक आहे आणि कॅलेंडरवर लिहिला जाणार नाही.

सहकाऱ्याने विचारलं होतं, की व्हरांड्यात कुणी आपल्याच नेटवर्कचं नाव देऊन हॉटस्पॉट चालू केला तर? प्रश्न रास्त होता. वाय-फायचं नाव कुणीही ठेवू शकतं, नुसत्या नावाची यादी म्हणजे ओळखपत्र न बघता नाव विचारून आत सोडण्यासारखं. म्हणून प्रोफाइलमध्ये सुरक्षेचा प्रकार 'कोणताही' असा सोडायचा नाही, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या पासवर्डवाल्या सुरक्षेच्या पद्धती) असा नेमका लिहायचा. पासवर्ड माहीत नसलेल्या तोतया राउटरशी मग जोडणी पुरी होत नाही. मोठ्या संस्था याच्या पुढे जाऊन प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, देतात. ते अधिक पक्कं आहे, पण सर्टिफिकेटला मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी नवं दिलं नाही तर उपकरणं नेटवर्कच्या बाहेर पडतात. दोन माणसांच्या विभागाने ती जबाबदारी घेऊ नये असं मला वाटलं, आणि आम्ही ती घेतली नाही.

घरभेटीच्या सिस्टरांकडे अँड्रॉइड फोन आहेत, सिमवाले. तेच नियम तिकडे लावा असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, संस्थेच्या फोनवर परवानगीच्या नावांची यादी लावता येते, किंवा उलट मनाईची यादी, किंवा किमान सुरक्षेची पातळी. डोंगराकडच्या वाड्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि पेशंटच्या घरी मात्र मुलाने घेतलेलं फायबरचं कनेक्शन असतं. तिथे परवानगीची यादी म्हणजे पुन्हा तेच शेवटचे सहा बेड. म्हणून त्या फोनवर पासवर्डशिवायची उघडी नेटवर्क बंद केली, रुग्णालयाचं नातेवाइकांचं वाय-फाय मनाईच्या यादीत टाकलं, आणि घरचं पासवर्डवालं वाय-फाय चालू दिलं. आम्ही पाठवलेल्या नेटवर्कचा क्यूआर कोड फोनवरून दुसऱ्याला देता येणार नाही, हेही त्यातच बंद होतं. कॅज्युअल्टीच्या काउंटरवर दोन अँड्रॉइड टॅबलेट एकाच ॲपमध्ये बंद करून ठेवलेत, सेटिंग्ज उघडतच नाहीत. त्यांना आपत्कालीन खिडकीची सोय चालू केली. सुरू होताना नेटवर्क मिळालं नाही, तर टॅबलेट तात्पुरतं एखादं नेटवर्क मागतो, नवी धोरणं उतरवतो आणि ते नेटवर्क विसरून जातो. हीच सोय आयपॅडला असती तर तो फोरजी राउटर लागलाच नसता.

गेल्या महिन्यात आयपॅडचं नेटवर्क पुन्हा बदललं. या वेळी जुडग्यात नवं नेटवर्क जुन्याच्या शेजारी घातलं आणि जुनं तसंच ठेवलं. प्रोफाइल बदलताना वाय-फाय क्षणभर तुटू शकतं, म्हणून हँडओव्हरची आणि औषधांची वेळ टाळून दुपारी अडीचला. मग थांबलो. कन्सोलवर अडतीसपैकी छत्तीस आयपॅडांनी नवं प्रोफाइल मिळाल्याची पोच दिली. दोन राहिले. पूर्वी मी छत्तीसवर पुढे गेलो असतो.

एक आयपॅड काच फुटून दुरुस्तीच्या कपाटात होता. दुसरा दोन दिवस सापडेना. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरमध्ये, निर्जंतुक कापडांच्या गठ्ठ्यांमागे मिळाला, चार्जिंग शून्यावर. दोघांना चार्जरला लावलं, दोघांची पोच आली. त्यानंतर जुनं नेटवर्क राउटरवरून बंद केलं, पण प्रोफाइलमध्ये अजून ठेवलं. काही बिघडलं तर राउटरवर एका क्लिकमध्ये ते परत आलं असतं. पूर्ण दोन दिवस, सहाही पाळ्या, लाल पट्टी कुठे दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला जुडग्यातून जुनं नाव काढलं, आणि इन-चार्ज सिस्टरना फोन करून सांगितलं. "झालं का? बरं," त्या म्हणाल्या. "पण शीटचे गठ्ठे मी ठेवतेय हं कपाटात."

"ठेवा," मी म्हटलं.